बायपासनंतर घरी आल्यावर पहिले तीन महिने: मापं, रीती, कारणं

काळाचौकी

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी तीन ओळी असतात: जड उचलू नये, रोज चालावे, मीठ कमी. पेशंट जातो तिसऱ्या मजल्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत. लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला, पाणी पहाटे साडेचारला. 'जड' म्हणजे किती आणि 'चालावे' म्हणजे कुठे, हे कार्डावर नसतं. या धाग्यात तेवढंच गोळा करू. आपबीतीचे धागे वेगळे आहेत, इथे माप आणि कारण लिहा. डॉक्टरांनी तुमच्या पेशंटला वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं, हे धरूनच चाललोय.

हाडापासून सुरू करतो, कारण निम्मी पथ्यं तिथूनच निघतात. छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी पिळून बांधतात. या तारा आत कायमच्या राहतात. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत मिटते, म्हणून माणसाला वाटतं झालं सगळं. हाड जुळायला मात्र सहा ते आठ आठवडे लागतात आणि पक्कं व्हायला तीन महिने. तोवर ४ ते ५ किलोच्या वर काही उचलायचं नाही.

आता घरातली वजनं बघा. भरलेली बादली १५ किलो. गॅसचा सिलिंडर रिकामा असतानाच १५ किलोच्या आसपास, भरलेला तीसला टेकतो. दोन वर्षांचं नातवंड ११-१२ किलो. गिरणीतून पाच किलोचं दळण आणलं की मर्यादा तिथेच संपली.

वजनाइतकंच ओढणं-ढकलणं वाईट. पावसात फुगून बसलेली लाकडी खिडकी, लोखंडी कपाटाचं अडकणारं दार, घट्ट बसलेलं बरणीचं झाकण, कणीक तिंबणं, चादर पिळणं. माळ्यावरून सामान काढणं तर अजिबात नाही, गणपती तोंडावर आले असले तरी. आणि दुकानाचं शटर! दोन्ही हात डोक्याच्या वर आणि मग झटका. यापेक्षा वाईट हालचाल शोधून सापडणार नाही. तीन महिने शटर दुसऱ्याने उघडायचं.

फिजिओ_शीव

चांगला धागा. उठण्याची रीत लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

पाठीवर असताना दोन्ही गुडघे दुमडायचे. खांदा आणि कंबर एकाच वेळी कुशीवर वळवायची, आधी कंबर मग खांदा असं नाही. पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडायचे. पायांच्या वजनाने धड आपोआप वर येतं, खालचं कोपर फक्त टेकण्यापुरतं. कडेवर मिनिटभर बसून मग उभं राहायचं. बीपीच्या गोळ्या चालू असतात, एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

मदत करणारे हमखास काखेत हात घालून वर खेचतात. प्रेमाने करतात, पण तो ताण खांद्यातून थेट कापलेल्या हाडावर जातो. एक हात पाठीमागे खांद्याच्या पात्यावर आणि दुसरा कमरेला, असा आधार द्या. जमिनीवरची गादी दोन महिने बंद. खाट किंवा दिवाण गुडघ्याच्या उंचीचा हवा.

खोकला येणारच आणि यायलाच हवा. लहान घट्ट उशी, नाहीतर टॉवेलची गुंडाळी, दोन्ही हातांनी छातीशी आवळून खोकायचं. शिंकतानाही तसंच. ही उशी खाटेवर, खुर्चीवर, रिक्षात, सगळीकडे सोबत.

तीन चेंडूंचं स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं साधन): त्यातून श्वास आत ओढायचा असतो, फुंकायचा नाही. निम्मे लोक घरी येऊन फुंकत बसतात. दुसरी चूक म्हणजे जोरात झटका मारून तिन्ही चेंडू क्षणभर वर उडवणं. चेंडूंवर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, ते ओढण्याच्या वेगाचे. आपल्याला वेग नकोय. दोन चेंडू वर जाऊन तीन सेकंद टिकले तर ते तीन उडवण्यापेक्षा चांगलं, कारण फुप्फुसाचा तळ सावकाश ओढलेल्या श्वासानेच उघडतो. जागेपणी तासाला दहा वेळा, मध्ये मध्ये थांबून. गरगरलं तर विश्रांती. घरी आल्यावरही दोन-तीन आठवडे चालू ठेवा. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खाली कफ साचतो आणि मग ताप येतो.

चालणं: पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. एकदाच अर्धा तास ओढायचा आणि मग दिवसभर पडून राहायचं, हे चुकीचं. दर दिवशी प्रत्येक फेरीत मिनिट-दोन मिनिटं वाढवा. चौथ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत सलग तीस मिनिटं जमायला हवीत. चाळीतली गॅलरी यासाठी उत्तम: सपाट, सावलीतली, दर दहा पावलांवर ओळखीचं दार. मापाला नाडीवर जाऊ नका, बीटा ब्लॉकर (ठोके आवरणारी गोळी) चालू असताना ठोके फारसे वाढतच नाहीत. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे.

बाहेर पडायला लागल्यावर शिवाजी पार्क बरं. फेरी साधारण १.२ किलोमीटरची आणि कट्टा असल्यामुळे दम लागला की टेकता येतं. मरीन ड्राइव्हही सपाट आहे, पण सकाळी आठच्या आत. ऑक्टोबरात तर साडेसातच्या आत. जेवणानंतर तासभर चालणं नको.

जिना: पाऊल वर टाकताना श्वास सोडायचा. कठडा तोल सांभाळायला आहे, त्याला धरून स्वतःला वर ओढायचं नाही. मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवून द्या, शेजारी काही म्हणत नाहीत. पहिले दोन आठवडे उतरणं-चढणं दिवसातून एकदाच.

उंबरठा

दोन शंका. हाडाला आधार म्हणून बांधायचा छातीचा पट्टा किती घट्ट? आणि भारतीय संडासाचं काय करायचं?

फिजिओ_शीव

पट्टा फक्त खोकताना, चालताना, प्रवासात. त्याच्या आत चार बोटं सहज गेली पाहिजेत. करकचून बांधला तर श्वासच पुरा होत नाही, म्हणजे स्पायरोमीटरने कमावलेलं सगळं पट्ट्याने घालवलं. झोपताना सोडा.

संडासात खरी अडचण बसण्यात नाही, उठण्यात आहे. माणूस उठताना नळ किंवा दाराची कडी धरून लोंबकळतो. शिवाय हृदयाला जोडण्यासाठी ज्या पायातून शीर काढली तो गुडघ्यात दुमडत नाही. भांड्यावर ठेवायची लोखंडी कमोड खुर्ची परळला हॉस्पिटलांच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत मिळते, भाड्यानेही मिळते. सार्वजनिक संडास असेल तर शेजाऱ्यांना सांगून बाहेर भिंतीला टेकवून ठेवायची. दाराला आतून कडी नको, बाहेर कुणीतरी उभं राहावं.

पावशेर

संडासाचा विषय निघालाच आहे तर बद्धकोष्ठाबद्दल. लोहाच्या गोळ्या, दुखण्याची औषधं, कमी हालचाल, कमी खाणं, सगळं एकाच वेळी. जोर काढणं तर मना. इसबगोल एक-दोन चमचे, पण पूर्ण ग्लासभर पाण्यात आणि औषधांपासून तास-दोन तास लांब. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलं असेल तर इसबगोल नको, कमी पाण्यात ते आतच घट्ट बसतं. मग लॅक्टुलोजचं सिरप विचारा.

खाण्यात पहिल्या महिन्याची अडचण वेगळी असते: तोंडाला चव नसते, काहींना सगळं धातूसारखं लागतं. सहा आठवड्यांत बहुतेकांची चव परतते. तोवर 'हृदयाचा पेशंट' म्हणून त्याला उकडलेल्या दुधीवर ठेवू नका. जखम भरायला प्रथिनं लागतात. मूत्रपिंड ठीक असेल तर ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७० ते ८० ग्रॅम. अंड्यात ६, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, ग्लासभर दुधात तेवढीच, १०० ग्रॅम माशात १८ ते २०. तीन मोठी जेवणं जाणार नाहीत, सहा छोटी द्या.

बांगडा चांगला, पण तव्यावर चमचाभर तेलात. रवा लावून तळला की रवा तेल पितो आणि बांगड्याचा फायदा गेला. घरात तेल महिन्याला माणशी अर्धा लिटर, चौघांचं दोन लिटर. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर पेशंटसाठी वेगळी भाजी करून काही होत नाही.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, सगळं धरून. सुके बोंबील, सोडे, लोणचं, पापड हे सगळ्यांना माहीत असतं. पाव, खारी, बिस्किटं यांत मीठ आहे हे लक्षात येत नाही.

भायखळा_बाजार

मिठाला सोपा उपाय आहे, बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते वापरायचं. आणि रोज दोन शहाळी, अशक्तपणा लगेच जातो.

औषधवाला

थांबा, हे दोन्ही सल्ले एकत्र धोक्याचे आहेत. कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. शहाळ्यातही पोटॅशियम. बायपासनंतर बऱ्याच जणांना रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन असतं आणि ही औषधं शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. मूत्रपिंड थोडं मंद असेल तर पोटॅशियम इतकं चढतं की ठोक्यांची लय बिघडते. शहाळं अधूनमधून एखादं, तेही रक्ताचा रिपोर्ट पाहून. ते मीठ विचारल्याशिवाय नकोच.

औषधांचं सविस्तर लिहितो.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक दुहेरी डोसची. ऑपरेशनच्या आधी घरात रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन वेगळी, कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिन वेगळी अशा पट्ट्या असतात. डिस्चार्जला डॉक्टर एकच कॅप्सूल देतात, तिच्यात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोर्वास्टॅटिन तिन्ही. घरी येऊन माणूस नवी कॅप्सूलही घेतो आणि जुन्या गोळ्याही. किंवा एकच मेटोप्रोलोल (हाच बीटा ब्लॉकर) दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा घेतो आणि नाडी पन्नासच्या खाली येते. डिस्चार्जच्या दिवशीच जुना डबा आणि नवा कागद घेऊन केमिस्टकडे जा, पट्टीवरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव जुळवून घ्या, जुन्या पट्ट्या घरातून काढा.

ॲस्पिरिन जेवणानंतर, जन्मभर. बीटा ब्लॉकर एकदम कधीच बंद करायचा नाही. त्याची सावकाश विरघळणारी गोळी चावायची किंवा कुटायची नाही. डोस चुकला तर पुढचा दुप्पट घ्यायचा नाही. दात काढायला गेलात आणि 'रक्त पातळ करणारी गोळी थांबवा' असं कुणी म्हणालं, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन.

रामिप्रिल घेणाऱ्या काहींना कोरडा खोकला लागतो, कफ नाही, नुसती ढास. एरवी तो त्रास किरकोळ, इथे प्रत्येक ढासेला हाड हलतं. सिरप पीत बसू नका, डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, ठरवून दिलेल्या वेळेला. 'सहन करतो' म्हणणारा माणूस श्वास अर्धाच घेतो. चालण्याआधी आणि स्पायरोमीटरआधी अर्धा तास गोळी घेतली तर दोन्ही नीट होतात. शेजारून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मात्र नको: मूत्रपिंडाला आणि हृदयाला दोन्हीला वाईट, वर ॲस्पिरिनसोबत पोटात रक्तस्राव. शौच काळी झाली तर बघा: लोहाच्या गोळीने होते ती कोरडी, हिरवट काळी. डांबरासारखी चिकट आणि घाण वास असलेली असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

सिस्टर_नाइट_ड्युटी

जखमेबद्दल. अंघोळ रोज, कोमट पाणी, साधा साबण हातानेच, जखमेवर घासणी नाही. स्टुलावर बसून करायची आणि तांब्याने पाणी दुसऱ्याने घालायचं. टॉवेलने टिपून कोरडं करायचं. पावडर, हळद, तूप, कुठलंही तेल जखमेवर नाही. आपल्या दमट हवेत घामाने जखमेचा खालचा टोकाचा भाग ओला राहतो आणि चिघळायला तिथूनच सुरुवात होते. सैल सुती कपडे, दुपारी एकदा बदला.

बायकांसाठी एक गोष्ट कुणी सांगत नाही. स्तनांच्या वजनाने जखम दोन्हीकडे ओढली जाते आणि खालचं टोक उघडतं. म्हणून तार नसलेली, पुढून हूक असलेली मऊ सुती ब्रा दिवसा आणि रात्रीही घालायची. लाजून टाळतात आणि मग ड्रेसिंगला यावं लागतं.

पाय: शीर काढलेला पाय सुजतो, दीड-दोन महिने. बसताना पाय लोंबता नको, स्टुलावर. झोपल्यावर दोन उशांवर, म्हणजे छातीच्या पातळीच्या वर. सुजेसाठीचा घट्ट पायमोजा सकाळी उठण्याआधी चढवायचा, सूज उतरलेली असताना. दुपारी चढवला तर सुजेवर आवळतो.

घाबरायचं कारण नाही असं पुष्कळ असतं. छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा असतो, कारण हृदयाला जोडायला आतली धमनी तिथून सोडवलेली असते. घोट्याच्या आतल्या बाजूला बधिरपणा, जखमेच्या वरच्या टोकाला छोटा उंचवटा, खांद्यांच्या पात्यांमध्ये दुखणं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात: छाती फाकवताना हाताच्या नसा ताणल्या जातात, आठवडे ते काही महिन्यांत जातं. लोक डाव्या हाताला मुंग्या आल्या म्हणून मध्यरात्री धावत येतात, बिचारे.

फोन करायचाच असं: ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर. जखमेतून पू किंवा पाणी. कूस बदलताना छातीत 'कट्' असा आवाज किंवा हाडं एकमेकांवर घासल्यासारखं वाटणं. सपाट झोपलं की दम लागणं. वजन एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढणं. वजन रोज सकाळी, लघवीनंतर, चहाआधी, त्याच काट्यावर. ही पाणी साचण्याची पहिली खूण, सूज दिसण्याआधीची. एका पोटरीत दुखरी, गरम सूज. धडधड अनियमित, एखाद्या पिशवीत मासा तडफडावा तशी. ही लय बिघडणं बायपासनंतर बऱ्याच जणांना होतं, जास्त करून पहिल्या आठवड्यात, आणि औषधाने आटोक्यात येतं, पण सांगायला हवं.

ऑपरेशनआधीचं ते जुनं दुखणं, आवळणारं, चालल्यावर येणारं, परत आलं तर: आधी खाली बसा, मग सॉर्बिट्रेट (छातीच्या दुखण्यावरची गोळी) ५ मिलिग्रॅम जिभेखाली. उभ्याने घेतली की बीपी पडून माणूस कोसळतो. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८. लैंगिक शक्तीची गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट नाही आणि ते डॉक्टरांना तोंडाने सांगायचं, लाज बाजूला ठेवून.

काळाचौकी

सिस्टर, आभार. पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही. जून ते सप्टेंबरमध्ये ऑपरेशन झालेल्यांनी साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, घोट्याएवढंही नाही. पायावर अख्खी उभी जखम आहे आणि उंदराच्या मुतातून येणारा लेप्टोचा जंतू जखमेतून शिरतो. पाय पडलाच तर साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, महापालिका दर पावसाळ्यात हे सांगते.

औषधवाला

आणि डेंग्यू. प्लेटलेट उतरत असताना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असणं अडचणीचं. पण स्वतःहून बंद करणंही तितकंच वाईट, नव्या जोडलेल्या शिरा बंद पडू शकतात. ताप आला की पहिल्याच दिवशी रक्त तपासा आणि ठरवू दे डॉक्टरांना.

उंबरठा

शरीराचं झालं. माणूस चिडचिड करतो, मध्येच रडतो, रात्री भयंकर स्वप्नं सांगतो. हे औषधाने होतं का?

सिस्टर_नाइट_ड्युटी

थोडं औषधाने, थोडं भूल आणि आयसीयूतल्या मोडलेल्या झोपेने, थोडं नुसतं हबकल्याने. पहिल्या महिन्यात एक दिवस छान, दुसरा वाईट, असंच जातं. विसराळूपणाही येतो, पेपर वाचवत नाही. दुपारची झोप पाऊण तासावर नको, तीननंतर नको, नाहीतर रात्र जागीच. भेटायला येणाऱ्यांना संध्याकाळी पाच ते सात अशी वेळ द्या. सर्दी-खोकलावाल्यांना फोनवरच भेटा म्हणावं. आणि पेशंटच्या देखत 'अमक्याचं तर बायपासनंतर...' सुरू करणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

दोन आठवडे रोजच उदास, जेवणात रस नाही, गोळ्या घ्यायला नकार, असं असेल तर ते 'होईल बरं' म्हणून सोडायचं नाही. डॉक्टरांना सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

दादर_टीटी

कामावर परत जाण्याचं विचारतात म्हणून लिहितो. बैठं काम सहा ते आठ आठवड्यांनी, अंगमेहनतीचं तीन महिन्यांनी. कार सहा-आठ आठवड्यांनी, दुचाकी तीन महिन्यांनी. किक मारताना आणि खड्ड्यात हँडल सावरताना सगळा जोर छातीवर येतो. रिक्षात उशी छातीशी धरून मधोमध बसा, गतिरोधकाआधी सावकाश घ्यायला सांगा. टॅक्सीत पट्टा लावाच, छाती आणि पट्टा यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल.

लोकलचं माप डॉक्टर देत नाहीत. गर्दीच्या वेळची लोकल तीन महिने नाही. त्याआधी जायचंच तर अकरा ते चारमध्ये, गाडी सुटते त्या स्टेशनवरून, बसायला मिळेल अशी. वरची कडी धरून उभं राहणं सगळ्यात वाईट: हात वर आणि ब्रेक लागला की झटका. उभं राहावंच लागलं तर दाराजवळच्या आतल्या खांबाला पाठ टेकवा, हात छातीच्या खाली, बॅग खांद्याला नाही. पुलाचे जिने मोजून ठेवा; प्लॅटफॉर्म बदलावा लागणार नाही अशी गाडी दहा मिनिटं उशिराची असली तरी तीच पकडा.

भायखळा_बाजार

मिठाचं कळलं, पाकीट परत केलं. एक राहिलं: मशेरी चालते का? सिगारेट तर बंदच आहे.

औषधवाला

नाही. मशेरी, गुटखा, तपकीर, सगळी तंबाखूच. छातीतून घेतलेली धमनी दहा वर्षांनी दहातल्या नऊ जणांत चालू असते. पायातून घेतलेल्या शिरा तोवर साधारण निम्म्याच चालू राहतात. तंबाखू, साखर आणि कोलेस्टेरॉल या तिघांवर ते ठरतं. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली, जमल्यास ५५ च्या खाली. रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा तुमच्यासाठी नाही, प्रयोगशाळेने टिकमार्क केली तरी. मशेरी भाजायचा तवाच घराबाहेर काढा, पेशंटला वास आला की हात जातो.